सणाचं जेवण आहे, टेबल कुठे बुक करायचं?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असा असतो, ज्याच्या गळ्यात हॉटेल शोधायचं काम आपोआप पडतं. बर्थडे असो, सबमिशन संपल्याची पार्टी असो, सीनिअर्सचा सेंडऑफ असो. 'तू बघ ना यार, तुला माहीत असतं' म्हणून बाकीचे मोकळे होतात. संग्रामपूरहून पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी हे काम केलेलं असेल. कोण व्हेज, कोण नॉनव्हेज, कुणाचा सोमवार, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला हलालच लागतं, हे सगळं जमवता जमवता मेन्यूकार्ड तोंडपाठ होतं.

आता समजा, तुमच्या ग्रुपमध्ये अलिबागकडची एक मैत्रीण आहे. आडनाव नवगावकर, पेणकर, रोहेकर अशा धाटणीचं. मराठी तुमच्यापेक्षा अस्सल, बोलण्यात कोकणी हेल. एक दिवस कळतं की ती ज्यू आहे, बेने इस्रायली. परीक्षेमुळे यंदा तिला सणाला घरी जाता येणार नाही. ग्रुपवर कुणीतरी लगेच लिहितं, 'मग आपण सगळे मिळून तिचा सण साजरा करू! मस्त ज्यूईश डिनर!' आणि हॉटेल शोधायचं काम नेहमीप्रमाणे तुमच्याकडे येतं.

तुम्ही मोबाइल काढता आणि शोधायला लागता. पंजाबी, साउथ इंडियन, चायनीज, इराणी, मालवणी, अगदी वऱ्हाडी ठेच्यापर्यंत सगळं सापडतं. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी तर चौकाचौकात आहे. पण ज्यू धर्माच्या नियमांनुसार चालणाऱ्या स्वयंपाकघराची, म्हणजे 'कोशेर'ची पाटी काही दिसत नाही. असं का? दोन हजार वर्षांपासून आपण इथलेच आहोत असं सांगणारा, मराठी बोलणारा समाज. आणि त्याच्या सणाच्या जेवणाला एक हॉटेल मिळू नये?

याचं उत्तर शोधायला बसलात, तर हॉटेलपेक्षा बरंच काही हाती लागतं.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली

आधी थोडी ओळख. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. ती जागा हा समाज आजही पवित्र मानतो. वाचलेले लोक कोकणातल्या गावांमध्ये पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावांच्या नावांवरून त्यांची आडनावं पडली. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ते काम करत नसत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

पुढे अनेक जण मुंबईला आले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. या लोकांच्या बोलण्यात त्याला 'मशीद'च म्हणत. मग अलिबागेत, ठाण्यात, पुण्यात सिनेगॉग झाली. अलिबागेत आजही 'इस्रायल आळी' आहे. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना लागणारा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे, ते मुंबईचे महापौर याच समाजाचे. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा आठवतो? निदान आजोबांना विचारा. तो साकारणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात ज्यांच्या कविता असतात ते निस्सीम इझिकेलही बेने इस्रायलीच.

म्हणजे ही मंडळी परकी नाहीत. तरीही त्यांचं सणाचं ताट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. कारण ते ताट हॉटेलात जातच नाही.

ताटातली पहिली अडचण : काय चालतं?

रोजच्या जेवणाचे नियम आधी बघू. डुक्कर चालत नाही. मासा चालतो, पण त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे रोहू, कटला, पापलेट चालतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि आपल्याकडच्या बाजारात मिळणारा मागूर चालत नाही. कोंबडी-बकरं धर्माच्या पद्धतीनं, त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसानं कापलेलं हवं आणि त्यातलं रक्त पूर्ण काढलेलं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांस आणि दूध एकत्र नको. मग बटर चिकन गेलं, दह्यात मुरवलेली बिर्याणी गेली, मटणाच्या जेवणानंतरची रबडीही गेली.

बेने इस्रायली स्वयंपाकानं यावर फार सोपा तोडगा काढला : नारळ. कोकणात नारळाला काय तोटा? मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, आणि जेवणानंतरचं गोडही नारळाच्या दुधातलं. नववर्षाच्या सणाला, ज्याला त्यांच्याकडे 'नव्याचा सण' म्हणतात, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा करतात. म्हणजे नियम जेरुसलेमचा आणि उत्तर अलिबागचं!

आता तुम्ही म्हणाल, मग शुद्ध शाकाहारी हॉटेल गाठू, प्रश्न मिटला. रोजच्या दिवसासाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. प्रवासात, हॉस्टेलमध्ये अनेक ज्यू विद्यार्थी हाच मार्ग धरतात. जे अगदी काटेकोर आहेत ते मात्र भांडी कोणती, चीज कशानं जमवलेलं, पालेभाजी नीट निवडलेली आहे का, हेही बघतात. कोण किती पाळतं हे माणसागणिक बदलतं, अगदी आपल्याकडे एकादशी पाळण्याचे दहा प्रकार असतात तसंच. एकाला साबुदाणा चालतो, दुसऱ्याला पाणीसुद्धा नाही.

पण सण आला की गोष्ट बदलते.

शेगावची कचोरी का चालत नाही?

ज्यूंचा सगळ्यात मोठा घरगुती सण म्हणजे पेसाह, इंग्रजीत पासओव्हर. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटून त्यांचे पूर्वज निघाले, त्याची ही आठवण. निघायची इतकी घाई होती की मळलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, तशीच भाजून ते निघाले. म्हणून या सणात खमीर वर्ज्य. भारतात हा सण आठ दिवस चालतो आणि त्या आठ दिवसांत पाव, बिस्कीट, केक, नान असं काही घरात ठेवायचंही नाही. सणाआधी घराचा कानाकोपरा झाडून तुकडान् तुकडा बाहेर काढतात. दिवाळीच्या आवराआवरीची सवय असलेल्या आपल्याला हे लगेच समजेल.

आता मेख इथे आहे. खमीर म्हणजे फक्त यीस्ट नव्हे. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ते भाजून झालं नाही, तर ते खमीरच धरलं जातं. अठरा मिनिटं! या हिशेबानं आपल्या जिल्ह्याचा अभिमान असलेली शेगावची कचोरी बघा. आत मुगाच्या डाळीचं सारण, मांसाचा संबंध नाही, वर्षभर खुशाल खा. पण पेसाहच्या आठ दिवसांत ती बाद. मळून ठेवलेलं पीठ कितीतरी वेळ मुरतं ना!

आणि रोडगे? त्यात यीस्ट नाही, सोडा नाही, नुसती कणीक. वाटतं, हे तर चालायलाच हवेत. पण कणीक मळा, थर द्या, गोळे करा, गोवऱ्यांच्या आरावर हळूहळू भाजा. अठरा मिनिटांत रोडगा होत नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या आजीला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे रोडगेही बाद. पोळी, पुरी, पराठा, कणकेचं जे जे म्हणून हॉटेलात मिळतं, ते सगळं या एका नियमाखाली बाद होतं. घरी मात्र बेने इस्रायली बायका घड्याळ लावून, पाणी घातल्याबरोबर लाटून-भाजून बेखमीर भाकर करत आल्या आहेत.

भात? इथे आणखी एक गंमत. युरोपातून आलेल्या अनेक ज्यू घराण्यांमध्ये पेसाहला भात आणि डाळीही वर्ज्य असतात. बेने इस्रायली मात्र भात खातात. म्हणजे तुमच्या कॉलेजात इस्रायलहून किंवा अमेरिकेहून शिकायला आलेला एखादा ज्यू विद्यार्थी असेल आणि तुमची अलिबागची मैत्रीण असेल, तर एकाच सणाला दोघांची ताटं वेगळी असू शकतात. 'ज्यू लोकांना काय चालतं?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. 'तुला काय चालतं?' असं त्या माणसालाच विचारावं लागतं.

आणि बिल कोण देणार?

समजा, एखाद्या हॉटेलवाल्याला तुम्ही सगळं समजावलंत आणि तो तयारही झाला. तरी पुढची अडचण आहे, जी मेन्यूकार्डात लिहिलेली नसते. पेसाहच्या पहिल्या दोन दिवशी, नववर्षाला, आणि दर आठवड्याच्या शब्बाथला म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, धर्म पाळणारा ज्यू माणूस पैशांचा व्यवहार करत नाही. गाडी चालवत नाही. मोबाइललाही हात लावत नाही. म्हणजे यूपीआय नाही, कॅब नाही, 'लोकेशन पाठव' नाही. आणि त्यांचा दिवस आपल्यासारखा सूर्योदयाला सुरू होत नाही, तर आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे सणाचं मुख्य जेवण रात्रीचं, आणि ती रात्र आधीच सणाची.

थोडक्यात, सणाच्या रात्री हॉटेलात जेवायचं तर ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं, पैसे आधीच दिलेले हवेत आणि स्वयंपाकघर नियमांचं हवं. मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये छबाड या ज्यू संस्थेचं केंद्र आहे. परदेशातून आलेले ज्यू प्रवासी कोशेर जेवणासाठी, सणासाठी तिथे आधी कळवून जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच इमारतीत केंद्र चालवणारे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मारले गेले. २०१४ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं. पण तेही हॉटेल नव्हेच. कुणीतरी आपल्या घरचं टेबल लांब करून पाहुण्यांना बसवावं, तशी ती जागा आहे.

हॉटेलाला न जमणारं जेवण

पेसाहच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला सेदर म्हणतात. सेदर म्हणजे क्रम. ताटात बेखमीर भाकर, गुलामीची आठवण म्हणून कडू पाला, अश्रूंची आठवण म्हणून मिठाचं पाणी, विटा बांधायच्या चिखलाची आठवण म्हणून एक गोड मिश्रण. ते गोड जगभर वेगवेगळं करतात. बेने इस्रायली घरांमध्ये खजूर शिजवून, गाळून त्याचा दाट पाक करतात. द्राक्षारसाचे चार प्याले असतात. दारूच्या जागी काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेलं सरबत ही या समाजाची जुनी पद्धत.

पण खरं जेवण सुरू होण्याआधी बराच वेळ वाचन चालतं. सेदरसाठी एक पुस्तक असतं, हग्गादा. त्यात गुलामगिरीतून सुटकेची गोष्ट आहे. सुरुवातीलाच, ज्याला भूक लागली असेल त्यानं यावं आणि आमच्यात जेवावं, असं आमंत्रण दिलं जातं. मग घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. संदेष्टा एलियाहूसाठी एक प्याला वेगळा भरून ठेवतात आणि त्याच्यासाठी दार उघडतात. गाणी होतात. तीन-चार तास सहज जातात. कोणतं हॉटेल तुम्हाला चार तास टेबल देईल, आणि तेही पुस्तक वाचून मोठ्यानं गाणी म्हणायला?

१८७४ मध्ये पुण्यात छापलेला एक हग्गादा आहे. हिब्रू मजकूर, सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रांमध्ये साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकर करताना दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी या घरांमधून मिसरची गोष्ट मराठीत सांगितली जात होती. ही परंपरा जपली ती घरातल्या ताटानं आणि ताटाभोवती बसलेल्या माणसांनी. हॉटेल नव्हतं म्हणून कुणाचा सण अडला नाही.

अडतो तो माणसं कमी झाली की.

माणसांचा हिशेब

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायल देश झाला आणि पुढच्या दशकांत बहुसंख्य कुटुंबं तिकडे गेली. तिथंही सगळं सुरळीत नव्हतं. हे 'खरे' ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली, त्याविरुद्ध या मराठी मंडळींनी लढा दिला आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या घरात सांगितले जातात. दिमोना या गावाला तर 'लिटल इंडिया' म्हणतात. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

आणि भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांहून कमी उरले. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पाच हजार म्हणजे किती? संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढे लोक. एवढेच, आणि तेही देशभर विखुरलेले.

सामूहिक प्रार्थनेला परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या काही जुन्या सिनेगॉगमध्ये एवढे दहा जमवणंही कठीण असतं. अशा समाजातली एक मुलगी हॉस्टेलच्या खोलीत एकटी बसून सणाची रात्र घालवते, तेव्हा फक्त एक जेवण चुकत नाही. आजीनं सांगितलेली गोष्ट त्या वर्षी कुणीच कुणाला सांगत नाही. ती मेसमध्ये येते, पोळ्या बघते, 'आज भूक नाही' म्हणते, दोन केळी खाऊन उठते. आपल्याला वाटतं डाएट चालू आहे. आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, 'एक दिवस चालतं गं, ॲडजस्ट कर.' श्रावणी सोमवारी आपल्याला कुणी असं म्हटलं तर? हॉस्टेलच्या मेसमध्ये उपवासाची थाळी असते, रमझानमध्ये इफ्तारच्या खजुराची आठवण कुणीतरी ठेवतं, कारण तेवढी माणसं समोर असतात. मेसमधल्या एकट्या मुलीची आठवण मात्र मुद्दाम ठेवावी लागते.

मग नेमकं करायचं काय?

हॉटेल शोधायचं काम तुमच्याकडे आलंच आहे, तर ते असं करा.

*आधी तिला विचारा.* सरप्राइज पार्टी नको. कोणता सण आहे, ती किती पाळते, आपण सोबत असलेलं तिला आवडेल का, हे तीन प्रश्न पुरेत. काहींना सणाची रात्र प्रार्थनेत शांतपणे घालवायची असते. योम किप्पूरला तर पूर्ण दिवसाचा कडक उपवास असतो. त्या दिवशी 'हॅपी' म्हणत केक घेऊन जाऊ नका!

*सण ओळखून जागा ठरवा.* हॉटेलातच जायचं असेल तर हनुक्का आणि पुरीम हे दोन सण सोयीचे. दोन्हींत पैशांच्या व्यवहाराला, प्रवासाला मनाई नाही. फक्त शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार टाळा. हनुक्का साधारण डिसेंबरात येतो, आठ रात्री दिवे लावतात आणि तळलेले पदार्थ खातात. भजी-बटाटेवडे मिळणारं कुठलंही चांगलं शाकाहारी हॉटेल चालून जाईल. पुरीम होळीच्या आसपास येतो, इतका की बेने इस्रायली त्याला 'होळीचा सण'च म्हणत आले. त्या दिवशी मित्रांना खाऊ पाठवणं, गरिबांना देणं आणि पोटभर जेवणं हाच धर्म. तिथे तुमचा ग्रुप फिट बसतो.

*पेसाहला हॉटेल विसरा.* त्या रात्रीसाठी तिला एखाद्या घरी किंवा सिनेगॉगच्या सामूहिक सेदरला पोहोचता येईल का, ते बघा. पुण्यात रास्ता पेठेतलं सिनेगॉग आहे, ठाण्यात १८७९ चं आहे, मुंबईत भायखळा-आग्रीपाड्याच्या भागात तीन-चार आहेत. कोणत्या सिनेगॉगमध्ये काय होणार आहे हे तिलाच जास्त माहीत असेल. तुम्ही फक्त तिची लॅबची पाळी बदलून घ्या, नोट्स काढून ठेवा, संध्याकाळ व्हायच्या आत तिला सोडून या. ही मदत डिनरपेक्षा मोठी आहे. बोलावलं तरच आत जा. २००८ नंतर सिनेगॉगवर पोलीस पहारा असतो, ओळखपत्र लागतं, आधी परवानगी लागते. मुलांनी डोकं झाकायचं असतं, तेवढा रुमाल खिशात ठेवा.

*खोलीतच काही करायचं असेल तर* सणाच्या मधल्या दिवशी करा. पेसाहच्या मधल्या दिवसांत व्यवहाराला एवढं बंधन नसतं, खमिराचं मात्र कायम असतं. फळं, काजू-बदाम, सोलून खायचा नारळ, मनुकांचं सरबत. नव्या किंवा कागदी ताटल्या. एवढ्यावर छान बैठक जमते. तिला म्हणा, ती गोष्ट सांग. आणि मग खरंच ऐका.

मलिदा माहितीय ना?

एका पदार्थाबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही. मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. नवस फेडताना, साखरपुड्याला, नव्या घरात जाताना बेने इस्रायली मंडळी एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिद्याचं ताट ठेवतात, प्रार्थना म्हणतात आणि वाटून खातात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू तिथे प्रकट झाला होता अशी या समाजाची श्रद्धा आहे, आणि तिथेही मलिदा होतो. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी नाही. हा आपल्या मातीतला.

मलिद्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. जैन मित्र खाईल, मुस्लिम मैत्रीण खाईल, तुमची आजीसुद्धा खाईल. मात्र विधीचा मलिदा हा विधी आहे. तो त्यांनी बोलावून दिला तर घ्यायचा. त्याची पाककृती आणि या समाजाच्या स्वयंपाकाच्या गोष्टी वाचायच्या असतील तर एस्थर डेव्हिड यांची पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत मागा. त्यांच्या 'बुक ऑफ रेचेल' या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे आणि ती अलिबागकडच्या किनाऱ्यावर एकट्या उरलेल्या बेने इस्रायली बाईची गोष्ट आहे.

आणि ती तुमच्या गावी आली तर?

हेही होईल. सुट्टीत ग्रुप म्हणेल, चला, शेगावचं दर्शन करू, अंबाबरव्याचं जंगल बघू. मैत्रीणही येईल. तेव्हा आईला आधी फोन करून सांगा : मटण करू नको, साधं जेवण कर. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वरण-भात. वर्षातल्या बहुतेक दिवशी हे ताट तिला चालून जाईल. शेतात रोडग्यांचा बेत असेल तर तोही चालेल.

फक्त एक तारीख बघून घ्या. ज्यूंचं पंचांगही आपल्यासारखं चंद्रावर चालतं, त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात, आणि पेसाहची रात्र पौर्णिमेची. ती बरेचदा आपल्या चैत्र पौर्णिमेच्याच आसपास येते. २०२४ मध्ये पहिला सेदर २२ एप्रिलच्या संध्याकाळी होता आणि हनुमान जयंती २३ ला. २०२५ मध्ये तर दोन्ही १२ एप्रिललाच आले. म्हणजे आपल्या गावात मारुतीच्या देवळापुढे पंगती बसतात, साधारण त्याच वेळी अलिबागच्या इस्रायल आळीत, ठाण्यात, दिमोनात सेदरची ताटं मांडली जातात.

पंगतीसाठी आपण कधी हॉटेल शोधत नाही. चुलीवर पातेलं चढतं, कुणी पाणी वाढतं, कुणी मीठ, आणि वाट चुकून आलेल्यालाही 'बसा' म्हणतात. पुढच्या चैत्रात मेसमध्ये कुणी 'आज भूक नाही' म्हणालं, तर एकदा विचारून बघा, 'आज तुझा सण आहे का?' आणि टेबल बुक करायचं ॲप उघडण्याआधी तिची बॅग भरायला मदत करा. अलिबागची शेवटची एसटी चुकायला नको.